शेवटचं पान आधी वाचणाऱ्या विमलकाकू

विमलकाकू पुस्तक मागून उघडत. वाचनालयात आल्या की चपला दाराबाहेर काढायच्या, पदराला हात पुसायच्या, नव्या पुस्तकांच्या फळीवरून एखादी कादंबरी उचलायच्या आणि माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच तिचं शेवटचं पान वाचायच्या. नाव नाही, लेखक नाही, मुखपृष्ठावरची केस सोडलेली मुलगी नाही, थेट शेवट. वाचून झालं की एक तर "लिहून घे" म्हणत पुस्तक माझ्यापुढे सरकवायच्या, नाही तर "राहू दे हे, खोटं आहे" म्हणून होतं तिथे ठेवून द्यायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी म्हणाले, "काकू, शेवट कळल्यावर मग वाचायचं काय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शेवट माहीत असला म्हणजे मधात जिवाले घोर लागत नाही," म्हणाल्या. "घोर लावून घ्यायले घर आहे न."

मी मोताळ्याच्या या वाचनालयात ग्रंथपाल आहे. माहेर बुलढाण्याचं, लग्न करून घाट उतरले आणि इथलीच झाले. आमच्याकडे सकाळी परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, त्यांच्या मागोमाग पेपर वाचणारे म्हातारे, आणि दुपार कलली की बायका. बायकांना दोनच गोष्टी हव्या असतात, प्रेमाच्या आणि भुताच्या. अलीकडे या दोन्ही एकाच पुस्तकात मिळू लागल्यात, त्यामुळे फळीवर जागा वाचते. आमच्या अध्यक्षांना वाटतं की बायकांनी थोरांची चरित्रं वाचावीत. ती आम्ही दरवर्षी घेतो आणि दरवर्षी झटकतो. फिरतात ती पुस्तकं दुसरीच, आणि त्यांच्या बाबतीत काकूंचा शब्द चालायचा. काकूंनी परत ठेवलेलं पुस्तक त्यांच्या मागची बाईसुद्धा हातात घेत नसे.

काकू साठी ओलांडलेल्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. गल्लीतल्या बायकांच्या पारायणात पोथी त्याच वाचायच्या. नारायणकाकांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, बाजाराच्या रस्त्याला बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. मुलगा अकोल्याला नोकरीला. सुरुवातीला मला एवढंच ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून नवी पुस्तकं आली की ती कोणाला दाखवावीत हे मला कळत नाही. मोठमोठ्या माणसांची परीक्षणं छापून येतात, मी ती वाचते, पण काकूंच्या एका वाक्याने पुस्तकाचा जो निकाल लागायचा तो त्यात लागत नाही.

श्रीमंत उद्योगपती आणि गरीब मुलगी यांचं करारावरचं लग्न, ही गोष्ट हल्ली दहा पुस्तकांत असते. त्यातलं एक वाचून काकू म्हणाल्या, "सहा महिन्यांच्या करारावर लग्न केलं म्हणे. त्यात नवल काय? आमचंही करारावरच होतं. मुदत लिहून घ्यायची राह्यली फक्त." नायक नायिकेला भिंतीशी दाबून धरतो आणि ती लाजते, असं जिथे जिथे आलं तिथे त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "अव, दंड दुखत नाही का त्या पोरीचा? अन् एवढ्या मोठ्या बंगल्यात भांडे कोण घासते, ते कोणीच लिहत नाही. प्रेम राहते तठी रोजचे भांडेही राहतेच न?"

रक्त पिणाऱ्या देखण्या तरुणाची एक कादंबरी आली होती. तो तीनशे वर्षं जगलेला, आणि महाबळेश्वरच्या कॉलेजात नायिकेच्या शेजारच्या बाकावर बसतो. ते पुस्तक तेव्हा इतकं चाललं की बायकांनी नंबर लावले होते. काकूंनी ते परत करताना आख्ख्या वाचनालयाला हसवलं. "तीनशे वर्षांत पास नाही होता आलं त्याले? अन् उन्हात निघत नाही म्हणून लोक त्याले भेतात. मोताळ्यात ये म्हणा मे महिन्यात. इथं दुपारी कोणीच निघत नाही, सारे तसलेच."

स्वतः काकू मात्र हसत नसत. लोक हसले की त्या जरा थांबायच्या आणि मग पुढचं बोलायच्या, ते हसण्यासारखं नसायचं. त्याच पुस्तकाबद्दल त्या नंतर म्हणाल्या, "नायिका पळून गेली त्याच्यासंग. रात्री बॅग भरली, असं लिहलं. बॅगेत काय भरलं ते काऊन लिहलं नाही? पळून जाणाऱ्या पोरीनं काय नेलं अन् काय ठेवलं, तेच तर पाहाचं असते." भुतांच्या पुस्तकांवर तर त्यांचा कायमचा राग होता. "मेलेलं माणूस दारात येऊन उभं राह्यलं तर घरचे किंचाळतात, हे साऱ्या पुस्तकात सारखं. कोणी लिहलं हे? ज्याच्या घरचं कोणी गेलंच नाही, त्यानं लिहलं असन. माय किंचाळत नाही. माय विचारन, जेवली का." मला वाटलं, चांगलं बोलतात काकू. एवढंच वाटलं.

एका पावसाळ्यात त्या तापाने पडल्या. दोन आठवडे आल्या नाहीत म्हणून मी दोन पुस्तकं घेऊन त्यांच्या घरी गेले. काका दुकानात होते. पुढच्या खोलीत बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर, देवाचे फोटो, आणि त्यांच्याच ओळीत एका मुलीचा मोठा फोटो. कॉलेजातली असावी. काकूंसारखंच कपाळ. फोटोला चंदनाचा हार आणि काचेवर कुंकवाचं बोट. अशा फोटोपुढे माणूस जे करतो तेच मी केलं, हात जोडले. काकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "कधी गेल्या ह्या?"

"सहा वर्षं झाले," काकू म्हणाल्या. मग कप माझ्या हातात देऊन तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "नाशिकले राहते."

भुताची इतकी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, पण अंगावर काटा आला तो त्या एका वाक्याने. काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. फोटो त्यांच्या मुलीचा होता, स्वातीचा. तिने घर सोडून दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पण काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या नावाने आंघोळ केली.

आमच्याकडे हे नवं नाही. मुलगी मनाविरुद्ध गेली की "आमच्यासाठी मेली" असं रागाने म्हणतात, डोक्यावरून पाणी घेतात, आणि पुढे एखादं नातवंड झालं की बऱ्याच ठिकाणी सगळं हळूहळू निवळतं. काकांनी निवळायला जागाच ठेवली नाही. त्यांनी भाऊबंद बोलावले, डोकं भादरून घेतलं, दहावं केलं, तेरवीची पंगत घातली. फोटो मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. घरात स्वातीचं नाव काढायचं ते मेलेल्या माणसाचं काढतात तसं, नाही तर काढायचंच नाही.

"जिवंत पोरीच्या तेरवीचा सैपाक केला व मी," काकू म्हणाल्या. "भाजीत मीठही बरोबर पडलं. सारे म्हणे, छान झाली भाजी. जेवले सारे." मला नारायणकाकांचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही. आणि त्या पंगतीत बसून भाजी छान झाली म्हणणाऱ्यांचा तर त्याहून जास्त.

पुस्तकांचं वेड काकूंना आधी नव्हतं. पोथी सोडली तर काही वाचलेलं नव्हतं. "पोरगी गेली अन् मंग वाचाले लागली मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाहू तरी काय असते हे प्रेम, की त्याच्यापाई पोरगी मायले एक शब्द न सांगता जाते. सोनं सारं कपाटात तसंच होतं. माही जुनी शाल घेऊन गेली फक्त." भुताच्या पुस्तकांचं कारण मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ज्या घरात भिंतीवरची पोरगी नाशिकला भाजी आणायला जात असेल, त्या घरातल्या बाईने दुसरं काय वाचावं?

शेवटच्या पानाचाही उलगडा मला त्या दिवशी झाला. काकू तिथे नायक-नायिकेला शोधत नसत, आईबापांना शोधत. शेवटच्या पानावर सगळे घरचे जमलेत, बापाने डोळे पुसलेत, आईने ओवाळलंय, असं असलं की पुस्तक परत फळीवर. "अर्ध्या पानात बाप मानते होय? आमच्या घरी सहा वर्षांत मानला नाही." आईबाप शेवटपर्यंत आलेच नाहीत अशी पुस्तकं त्या न्यायच्या. पण तीही वाचून हिरमुसल्या व्हायच्या, कारण पोरगी गेल्यावर आईचं घरात काय झालं हे कुठल्याच लेखिकेने लिहिलेलं नसायचं. "माय राहते न तठीच," त्या म्हणायच्या. "तिलेही दोन पानं द्या."

त्यानंतर त्या माझ्याशी मोकळ्या झाल्या. एकच गोष्ट त्यांना हवी होती: पोरीला एकदा डोळ्यांनी पाहायचं, तिच्याशी बोलायचं. मी म्हटलं, काकू, नंबर काढू आपण, माझ्या फोनवरून बोला. त्यांनी मान हलवली. काकांनी देवासमोर त्यांच्याकडून शपथ घेतली होती. आजच्या मुलींना हे पटायचं नाही, मलाही पटलं नाही, मी भांडलेसुद्धा. पण काकू पोथी वाचणाऱ्या बाई होत्या, दिलेला शब्द त्यांच्या लेखी दगडावरचा होता. "मी जाणार नाही, फोन करणार नाही, असं म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "ती येणार नाही असं नाही म्हटलं."

आणि ती आली. निदान दिसली. काकू आणि काका शेगावला दर्शनाला गेले होते. गर्दी होती, बाऱ्या लावलेल्या. लोखंडी कठड्यांमधून रांग नागमोडी फिरते, तुम्ही इकडून जाता आणि पलीकडची माणसं तिकडून येतात, मध्ये फक्त एक कठडा. काका चार माणसं पुढे होते. पलीकडच्या रांगेतून स्वाती आली. अंगाने भरली होती, गळ्यात काळी पोत. दोघी समोरासमोर आल्या आणि मागच्यांनी ढकलेपर्यंत थांबल्या.

हे सांगताना काकू माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून खाली ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या. "काय बोललात?" मी विचारलं.

"जेवली का, म्हटलं."

"मग?"

"हाव म्हणे. हाव आई, जेवली. तू? एवढ्यात लोटलं मागच्यांनी." त्यांनी शिक्का ठेवून दिला. म्हणाल्या, "मी जेवली का नाही, ते सांगायचं राह्यलं." त्या दिवशी त्यांनी पुस्तक नेलं नाही.

नंतरची दोन वर्षं काका कधी शेगावला निघतात याकडे त्यांचं लक्ष असायचं. गेल्या की रांगेत मान वळवून वळवून पाहायच्या. पुन्हा भेट झाली नाही.

काकू गेल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी त्या माझ्या घरी आल्या. वाचनालय दुपारी बंद असतं, हे त्यांना माहीत होतं. त्या माझ्याकडेच आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "तुह्या न्हाणीत पाणी आहे का? मले डोक्यावरून घ्यायचं आहे. घरी घेता येत नाही."

मी त्यांना आत घेतलं. स्वातीला कावीळ झाली होती. अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला. जावयाने धाडस करून काकांच्या दुकानात फोन केला होता. काकांनी ऐकलं, ठेवला, आणि दुपारी जेवायला बसल्यावर ताटाकडे पाहत सांगितलं, "नाशिकचा फोन होता. ती गेली." काकूंच्या हातातली पळी खाली पडली. त्या रडू लागल्या तेव्हा काका म्हणाले, "रडतं कायले आता? आपलं तर तवाच झालं. दहावं झालं, तेरवी झाली. एका माणसाचं दोन वेळा करते का कोणी?" आणि त्यांनी कढी वाढायला सांगितली.

दोन वेळा कोणी करत नाही, हे खरं होतं. काकांनी मुलगी जिवंत असताना तिचं सगळं मरण वापरून टाकलं होतं, आणि आता खरंच मेली तेव्हा आईला रडायला काही उरलं नव्हतं. मला इतका संताप आला की काकूंसमोर काकांबद्दल मी नको ते बोलले. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्या न्हाणीत गेल्या आणि लुगड्यासकट अंगावर पाणी घेऊ लागल्या. आधी नुसता तांब्याचा आवाज येत होता. मग त्यांचा आवाज आला. पोथी वाचताना जो खणखणीत लागायचा तोच आवाज, आणि त्यात फक्त मुलीचं नाव. मी चुलीशी बसून ऐकलं आणि मीही रडले.

त्या बाहेर आल्यावर मी त्यांना माझं लुगडं दिलं. मयताच्या घरच्या माणसाला शेजारी खाऊ घालतात, म्हणून भाकरी आणि पिठलं पुढे ठेवलं. त्यांनी एक घास मोडला, तोंडात घालून बराच वेळ धरला. "नाही जात," म्हणाल्या आणि उठल्या. केस ओलेच होते. म्हटलं, काका विचारतील. "विचारू दे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. माझ्याशी बोलले नाहीत. काकू दारात उभ्या होत्या, केस न विंचरलेले, कपाळ मोकळं. मी पायरीशी पोचते तोच मागून गल्लीतल्या बायका आल्या. देवळात त्या दिवसापासून पारायणाचा सप्ताह बसणार होता आणि वाचायला दरवर्षी काकूच असायच्या. पुढे कमलबाई होत्या, सगळ्यांत वडील. बोलावणं करायचं म्हणून त्यांनी हातातला हळदीकुंकवाचा करंडा उघडला आणि बोट बुडवून काकूंच्या कपाळाकडे नेलं.

काकू एक पाऊल मागे सरल्या. "नका लावू," म्हणाल्या. "मले येता येत नाही पोथीले. मले सुतक आहे."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कमलबाईंनी विचारलं, "कोणाचं व, विमल?"

"स्वातीचं."

मागच्या एका सुनेच्या तोंडून निघून गेलं, "तिचं तर मागंच झालं न, काकू? आम्ही आलो होतो तेरवीले." काकांनी पेपर खाली घेतला. "विमल, घरात ये," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तो चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. काकू हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा म्हटलं, "घरात ये म्हटलं न मी." काकू त्यांच्याकडे न पाहता कमलबाईंकडेच पाहत उभ्या होत्या, आणि मला जन्मात भीती वाटली नसेल इतकी त्या क्षणी वाटली.

कमलबाई म्हाताऱ्या होत्या. त्यांचं बोट अजून कुंकवाने भरलेलं, हवेत. त्यांनी काकूंचे केस पाहिले, कपाळ पाहिलं. मग एखाद्या रीतीची खात्री करून घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "मंग दहा दिवस पाळतं का?"

"नाही," काकू म्हणाल्या. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "तीन. लग्न झालेल्या लेकीचं मायबापाले तीनच दिवस राहते."

कमलबाईंनी बोट पदराला पुसलं आणि करंडा बंद केला.